साथ चक्रवाढीने वाढते की काळाच्या घनाने?

प्रश्न : मी एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बारावीच्या प्रकल्पासाठी माझ्या विद्यार्थ्यांनी २०२० सालातील देशाच्या एकूण कोविड रुग्णसंख्येचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले आणि त्यांवर दोन वक्र बसवून पाहिले. एक घातांकी होता आणि दुसरा तिसऱ्या घाताची बहुपदी. बहुपदी अगदी चपखल बसली, घातांकी वक्र मात्र लवकरच आकड्यांपासून दूर गेला. यावरून मुलांनी असा निष्कर्ष काढला की साथ घातांकी वेगाने वाढते हे म्हणणेच चुकीचे आहे. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष आकडे हाती घेऊन प्रस्थापित विधान तपासून पाहिले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्यांचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

घातांकी वाढ म्हणजे आपल्या ओळखीची चक्रवाढ. आज जितके रुग्ण आहेत त्यांच्या प्रमाणात उद्या नवे रुग्ण होतात, जसे मुद्दलात मिळालेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढते. बहुपदी वाढीत एकूण संख्या काळाच्या वर्गाच्या, घनाच्या किंवा त्याहून वरच्या घाताच्या प्रमाणात वाढते. या दोन वाढी सुरुवातीला एकमेकींसारख्या दिसतात, एवढेच नव्हे तर कधी कधी बहुपदीच पुढे असते. दिवसांचा घन आणि रोज दुप्पट होणारी चक्रवाढ यांची तुलना करून पाहावी. दुसऱ्या दिवशी दोनाचा घन ८ असतो आणि दोनाचा दुसरा घात फक्त ४. नवव्या दिवशी ७२९ विरुद्ध ५१२, म्हणजे अजूनही घनच वरचढ. दहाव्या दिवशी १,००० विरुद्ध १,०२४ अशी उलटापालट होते, आणि विसाव्या दिवशी एकीकडे ८,००० तर दुसरीकडे १० लाख ४८ हजार ५७६. म्हणून पहिल्या आठवड्याभराच्या आकड्यांवरून कोणती वाढ चालू आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

ओळखण्याची खूण आहे दुपटीचा काळ. चक्रवाढीत तो कायम राहतो. काळाच्या घनाने होणाऱ्या वाढीत प्रत्येक दुपटीला आधीच्या दुपटीपेक्षा सुमारे २६ टक्के जास्त दिवस लागतात, कारण संख्या दुप्पट व्हायची तर सुरुवातीपासूनचा काळ दोनाच्या घनमूळाने, म्हणजे १.२६ ने, गुणला जावा लागतो. चौथ्या घाताच्या वाढीत हीच लांबण सुमारे १९ टक्के असते.

आता हीच कसोटी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रोज सकाळी जाहीर केलेल्या आकड्यांना लावून पाहू. २६ एप्रिल २०२० रोजी देशातील एकूण नोंद २६,४९६ होती. ७ मे रोजी ती ५२,९५२ झाली, १९ मे रोजी १,०१,१३९, ३ जून रोजी २,०७,६१५, २१ जून रोजी ४,१०,४६१, ११ जुलै रोजी ८,२०,९१६ आणि ३१ जुलै रोजी १६,३८,८७०. प्रत्येक पायरी जवळजवळ दुपटीची आहे. या पायऱ्यांना अनुक्रमे ११, १२, १५, १८, २० आणि २० दिवस लागले. पहिली दुपट पाहून कोणी ११ दिवसांची चक्रवाढ गृहीत धरली असती, तर ३१ जुलैला त्याच्या हिशेबाने सुमारे १ कोटी १२ लाख रुग्ण झाले असते. प्रत्यक्षात कोटीचा आकडा १९ डिसेंबरला ओलांडला गेला. म्हणजे साधी चक्रवाढ नापास झाली, इथवर मुलांचे बरोबर आहे. पण त्याच पहिल्या दुपटीवरून काळाच्या घनाचा नियम पुढे नेला, तर ३१ जुलैला सुमारे ९ लाख रुग्ण यायला हवे होते. आले १६ लाखांवर. तोही नापास झाला, आणि साथीच्या काळात कमी अंदाज बांधणारी चूक अधिक महागात पडते, हे खाटा आणि प्राणवायू यांची जुळवाजुळव केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

मग मुलांची बहुपदी इतकी चपखल कशी बसली? याची दोन कारणे आहेत. स्प्रेडशीटमधील तिसऱ्या घाताच्या बहुपदीला चार सहगुणक मोकळे असतात, घातांकी वक्राला केवळ दोन. चार कळा हाती असलेला वक्र दोन कळांच्या वक्रापेक्षा आकड्यांना जास्त बिलगणार, यात साथीविषयी काहीच सिद्ध होत नाही. दुसरे असे की मुलांनी एकूण रुग्णसंख्या घेतली. ती कधीच खाली येत नाही आणि प्रत्येक दिवसाच्या आकड्यात आधीच्या सगळ्या दिवसांचे आकडे सामावलेले असतात, त्यामुळे त्यातील चढउतार गुळगुळीत होतात आणि जवळजवळ कोणताही चढता वक्र तिच्यावर उत्तम बसल्यासारखा दिसतो. पुढच्या वेळी मुलांना रोजच्या नव्या रुग्णांचा आकडा घ्यायला सांगावे. त्यांनी जुलैअखेरपर्यंतचेच आकडे वापरून वक्र बसवावा आणि तो ऑगस्टमध्ये कितपत टिकतो ते पाहावे.

‘बहुपदी’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, ही बाब वर्गात आवर्जून स्पष्ट करावी असे मला वाटते. काळाच्या घनाच्या प्रमाणात होणारी वाढ हा साथीविषयीचा दावा आहे. त्यामागे काही कारण असू शकते आणि तो खोटाही ठरू शकतो. मोकळ्या सहगुणकांची त्रिघाती बहुपदी ही मात्र निव्वळ लवचीक पट्टी आहे. आकड्यांच्या आत ती सुबक दिसते, आकडे संपले की तिचा सर्वांत वरचा घात तिला ओढून नेतो आणि ती एकतर आकाशाला भिडते किंवा शून्याखाली बुडते. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने रोजच्या मृत्यूंच्या आलेखावर अशीच एक त्रिघाती रेषा प्रसिद्ध केली होती. ती १५ मेच्या सुमारास जवळजवळ शून्याला टेकत होती. परिषदेचे म्हणणे असे होते की दिसलेल्या आकड्यांचा कल दाखवण्यासाठी ती रेषा काढली आहे. पण कागदावर रेषा भविष्यात गेली की वाचणारा तिला भाकीतच समजतो. त्या दिवसांत तेथे रोज हजाराहून अधिक मृत्यू नोंदले जात होते आणि महिना संपण्यापूर्वी एकूण मृत्यूंनी १ लाखाची संख्या ओलांडली.

एक अडचण आणखी सांगतो. काळाच्या घाताचा नियम वापरायचा तर साथीचा पहिला दिवस कोणता हे ठरवावे लागते, आणि तो दिवस पुढेमागे केला की घात बदलतो. १ मार्च २०२० हा आरंभ धरला तर वरच्या आकड्यांवर चौथा घात बऱ्यापैकी बसतो, आरंभ मागे नेला तर घात आणखी वाढतो. ही पळवाट बंद करणारी एक सोपी रीत आहे. एकूण संख्या किती पट झाली आणि त्याच वेळी रोजचे नवे रुग्ण किती पट झाले, एवढेच पाहावे. एकूण संख्या १०० पट झाल्यावर रोजचे नवे रुग्णही १०० पट झाले असतील तर ती चक्रवाढ. ते केवळ १० पट झाले असतील तर वाढ काळाच्या वर्गाने होत आहे, आणि साधारण साडेएकवीस पट झाले असतील तर घनाने. २६ एप्रिलला २४ तासांत १,९९० नवे रुग्ण नोंदले गेले, ३१ जुलैला ५५,०७८. म्हणजे एकूण संख्या सुमारे ६२ पट आणि रोजची सुमारे २८ पट झाली. यातून पाचव्या घाताच्या आसपासची वाढ निघते, जी घनापेक्षा बरीच वेगवान आणि शुद्ध चक्रवाढीपेक्षा मंद आहे. अर्थात याच काळात देशातील चाचण्यांची संख्याही अनेक पटींनी वाढली, त्यामुळे या आकड्यांत साथीची वाढ किती आणि आपल्या पाहण्याची वाढ किती, हे वेगळे काढल्याशिवाय पाचव्या घाताला नियमाचा मान देऊ नये.

प्रश्न : चक्रवाढ खरी असेल तर ती थांबते कशी? मुंबईच्या प्लेगवर म्हणे कोणी गणिती सूत्र बसवले होते, त्याबद्दल सांगावे.
— एक सेवानिवृत्त अभियंता, ठाणे

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि साथींच्या गणितात मुंबईला जे मानाचे स्थान आहे ते याच सूत्रामुळे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकट झाल्यानंतर पुढील अनेक वर्षे तो शहरात हिवाळा-उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा उसळत राहिला. त्यांपैकी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील आठवड्यावार मृत्यूंचे आकडे केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांनी १९२७ च्या आपल्या निबंधात वापरले. मॅकेन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले डॉक्टर होते. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साथीतून बाहेर पडलेले (बरे होऊन किंवा मृत्यू पावून) अशी लोकसंख्येची विभागणी करणारे जे प्रारूप आज जगभर शिकवले जाते, ते या निबंधातून आले.

त्यांच्या सूत्राचा वक्र घंटेच्या आकाराचा असून त्याचा कळस १७ व्या आठवड्यात, आठवड्याला ८९० मृत्यूंवर येतो. सूत्रातून आकडे काढून पाहिले की चक्रवाढ कशी विरत जाते ते जवळून दिसते. ८ व्या आठवड्यात ९२ मृत्यू, १० व्यात १९२, १२ व्यात ३७४, १४ व्यात ६३३, १६ व्यात ८५५. दर दोन आठवड्यांची पट पाहावी, ती २.१, मग १.९, मग १.७ आणि शेवटी १.३५ अशी घसरत जाते. अगदी सुरुवातीला हाच वक्र शुद्ध चक्रवाढीचा असतो आणि दुपटीचा काळ जेमतेम १२ दिवसांचा निघतो. पुढे लागण होऊ शकणारी माणसे कमी होत जातात, प्रत्येक रुग्णाला नवा बळी सापडण्याची शक्यता घटते आणि वाढीचा दर आपोआप उतरतो. यातले केवळ १० ते १६ हे आठवडे कोणाच्या हाती दिले, तर तो त्यांवर बहुपदी बसवून मोकळा होईल आणि ती सुरेख बसेलही. म्हणून ‘चक्रवाढ की बहुपदी’ हा वाद पुष्कळदा एकाच साथीच्या दोन टप्प्यांविषयी चालू असतो.

एवढे सांगून थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबईचा प्लेग प्रामुख्याने उंदरांच्या पिसवांमार्फत पसरत होता, आणि पिसवांच्या जगण्यावर हवेतील उष्णतेचा व दमटपणाचा मोठा परिणाम होत असल्यामुळे मे महिन्यापासून साथ दरवर्षी ओसरत असे. तेव्हा १९०६ च्या उन्हाळ्यातील उतार हा संसर्गास पात्र माणसे किंवा उंदीर संपल्यामुळे किती आणि ऋतूमुळे किती, हे त्या सुंदर वक्रावरून सांगता येत नाही. स्वतः लेखकद्वयाने आपली गृहीतके काटेकोरपणे लागू होत नाहीत आणि सूत्रातील स्थिरांकांवरून प्रत्यक्ष निष्कर्ष काढू नयेत, अशी सूचना तेथेच देऊन ठेवली आहे. त्या आलेखाची चित्रे असंख्य पाठ्यपुस्तकांत छापली गेली, पण ही सूचना फारच थोड्या ठिकाणी दिसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रश्न : वाढ बहुपदी असण्यामागे काही कारण असते, की तो केवळ आकड्यांचा योगायोग असतो? आणि इबोलाच्या वेळी १४ लाख रुग्णांचे भाकीत केले गेले, ते इतके का चुकले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कारण असते, आणि ते ‘कोण कोणाच्या संपर्कात येतो’ या प्रश्नात सापडते. डोंगरउतारावरचा वणवा डोळ्यांसमोर आणावा. जळून गेलेल्या वर्तुळाच्या आत जाळायला काही उरलेले नसते, आग फक्त कडेने पुढे सरकते. कडेची लांबी काळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून जळालेले क्षेत्र काळाच्या वर्गाने वाढते. ज्या काळी माणसे पायी, बैलगाडीने किंवा घोड्यावरून प्रवास करत, त्या काळी जमिनीवरून पसरणारी साथ पुष्कळशी अशी कडेने सरकत असे. वाऱ्याने ठिणग्या दूर उडाल्या आणि नवे वणवे पेटले की मात्र हिशेब बदलतो. आगगाडी आणि विमान साथीच्या बाबतीत नेमके तेच करतात. चक्रवाढीच्या सूत्रात असे मानलेले असते की कोणताही रुग्ण कोणत्याही निरोगी माणसाला सारख्याच शक्यतेने भेटू शकतो. ते प्रत्यक्षात क्वचितच पूर्णपणे खरे असते.

अमेरिकेतील एड्सचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. तेथे पहिल्या रुग्णांची नोंद जून १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. लॉस अलामोस प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की एकूण रुग्णसंख्या काळाच्या घनाने वाढत आहे आणि दुपटीचा काळ सतत लांबत आहे. त्यांनी नुसता वक्र बसवला नाही. जास्त जोखमीचे वर्तन असलेली माणसे बहुतांशी आपल्यासारख्यांच्याच संपर्कात येतात, त्यामुळे संसर्ग आधी त्या गटात वेगाने पसरतो आणि मग पायरीपायरीने कमी जोखमीच्या गटांत मंदपणे उतरतो, अशी त्यांची मांडणी होती. त्या मांडणीतून घन निघतो. तिला प्रश्न विचारता येतात, ती माहितीशी ताडून पाहता येते. माझ्या दृष्टीने अशा घनाचे मोल आणि स्प्रेडशीटच्या घनाचे मोल यांची तुलनाच होऊ शकत नाही.

कारण वेगळेही असू शकते. चीनमध्ये २०२० च्या सुरुवातीला साथ जेथे सुरू झाली त्या हुबेई प्रांताबाहेर कोविडची नोंद काळाच्या साधारण वर्गाने वाढत होती. बर्लिनमधील दोन संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की रुग्णांना बाजूला काढणे आणि निरोगी लोकांनी घरात राहणे, या दोन्हींमुळे विषाणूला उपलब्ध असलेली माणसे वेगाने कमी होत गेली. म्हणजे येथे वर्ग हा उपाययोजनांचा ठसा होता, विषाणूचा स्वभाव नव्हे. उपाय सैल केले असते तर तो वर्ग टिकला नसता.

आता इबोला. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशेब मांडला की लायबेरिया आणि सिएरा लिओन येथील वाढ तशीच चालू राहिली, तर २० जानेवारी २०१५ पर्यंत, न नोंदलेले रुग्ण धरून, १४ लाखांपर्यंत रुग्ण होऊ शकतात. हे दोन देश आणि गिनी अशा तीन देशांत मिळून अखेरीस सुमारे २८,६०० रुग्ण आणि ११,३०० मृत्यू नोंदले गेले. या हिशेबाला केवळ ‘चुकलेले भाकीत’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ‘आणखी काहीही केले नाही तर’ ही अट त्यात स्पष्ट होती. त्यानंतर उपचार केंद्रे उभी राहिली, दफनाच्या पद्धती बदलल्या, गावांनी स्वतः सावधगिरी घेतली. तरीही गणिताच्या बाजूने एक धडा उरतोच. नंतरच्या अभ्यासांत जिल्हा-जिल्ह्यांचे आकडे वेगळे काढले, तेव्हा अनेक ठिकाणी वाढ बहुपदी असल्याचे दिसले. एका जिल्ह्यात साथ मंदावत असताना दुसरीकडे ती नुकतीच पेटत होती, आणि या सगळ्यांची बेरीज केली की देशाच्या पातळीवर चक्रवाढीचा भास होत होता. अंदाज कोणत्या पातळीवर बांधायचा हे आधी ठरवले नाही, तर योग्य सूत्रही चुकीचे उत्तर देते.

प्रश्न : आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत गेल्या महिन्यात डेंगीचे १७ रुग्ण आढळले. एवढ्या आकड्यांवरून वाढ कोणत्या प्रकारची आहे, हे काढता येईल का?
— एक आरोग्य सेविका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, १७ आकड्यांवर कोणताही वक्र बसवू नये, कारण एकाच घरातले तीन रुग्ण एका दिवशी नोंदले गेले तरी सगळा आलेख बदलेल. आपल्या हाती याहून मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे प्रत्येक रुग्णाचे घर आपल्याला ठाऊक आहे. गावाच्या हाताने काढलेल्या नकाशावर प्रत्येक घराशी ताप सुरू झाल्याची तारीख लिहावी, तपासणीचा अहवाल आल्याची नव्हे, कारण अहवाल गठ्ठ्याने येतात आणि एका दिवसात खोटी उसळी दाखवतात. डेंगीचा डास सहसा आपल्या उत्पत्तीच्या जागेपासून काहीशे मीटरच्या आतच वावरतो, म्हणून तारखा एका वाडीतून कडेकडेने सरकताना दिसल्या तर त्या कडेच्या पुढच्या घरांतील पिंपे, हौद आणि माडाखाली पडलेल्या करवंट्या आधी तपासाव्यात. दूरच्या वाडीत एकटाच रुग्ण दिसला, तर तो ताप येण्यापूर्वीच्या दिवसांत कोठे जाऊन आला होता हे विचारावे. एका रुग्णापासून डासामार्फत दुसऱ्या रुग्णापर्यंत संसर्ग पोचून ताप दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे जातात. तेव्हा आज पाणी उपसून भांडी कोरडी केली तरी पुढचे दोन आठवडे नवे रुग्ण येत राहतील. ते आले म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी कोरडी करण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळणे गावाने सोडू नये, एवढे ग्रामसभेत आधीच सांगून ठेवावे.